पानेतरचा पांढरा

शिवदासने लेन्सची पुढची-मागची झाकणं काढली, टेबलावर एक कोरा कागद पसरला आणि त्यावर लेन्स उभी ठेवली.

"आता वरून बघ गो बाय," तो प्रांजलला म्हणाला. "मी लपवून काय विकत नाय. मागाहून येऊन माझ्या नावाने बोंब मारायची नाय."

प्रांजलने एक डोळा मिटून वाकून पाहिलं. काच निर्मळ होती. बुरशीचा धागा नाही, ओरखडा नाही. पण काचेखालचा कागद पांढरा दिसत नव्हता. कुणी मध पातळ करून त्यावर ओतावा, तसा दिसत होता.

"काका, ही तर पिवळी आहे."

"व्हय तर. म्हणून तर या भावात मिळते."

मागे स्टुलावर बसलेल्या दर्शनाबाईंनी मान पुढे काढली. तो पिवळा त्यांना तिथूनच, प्रांजल वाकायच्या आधीच दिसला होता. तरी त्यांनी सवयीने विचारलं, "पिवळी आहे ना गं खरंच? की मलाच तशी दिसतेय?"

"खरंच आहे, आजी."

प्रांजलला या प्रश्नाचं काही वाटलं नाही. असले प्रश्न ऐकतच ती लहानाची मोठी झाली होती. आजीला रंग नीट कळत नाहीत, ही घरातली जुनी आणि सर्वमान्य गोष्ट होती. साडी घ्यायची तर दर्शनाबाई दुकानात शेजारच्या गिऱ्हाइकाला विचारत, बाई, हा मोरपंखीच ना? वरण गॅसवरून उतरवताना मुलीला हाक मारत, रश्मी, हळद बरोबर दिसतेय का बघ. त्यांचे यजमान भीमराज होते तोवर थट्टा करत, हिला सिग्नलला एकटी सोडू नका, लाल की हिरवा ते विचारत उभी राहील. दर्शनाबाईही त्यात हसत. हसण्यावारी नेलेली गोष्ट अंगवळणी पडते, आणि एकदा अंगवळणी पडली की तिच्या मुळाशी काय आहे हे कुणी उकरून पाहत नाही.

प्रांजल मुलुंड-भांडुपकडची बारशी, साखरपुडे, हळदी यांचे फोटो काढायची. हॉलमध्ये उजेड कमी असतो. फ्लॅश मारला की माणसं पीठ फासल्यासारखी दिसतात. कमी उजेडातही भागेल अशी मोठ्या तोंडाची लेन्स तिला हवी होती, पण नवी तिच्या आवाक्यातली नव्हती. मग तिला कळलं, की जुन्या रोलच्या कॅमेऱ्यांच्या लेन्स एक रिंग लावून नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर बसतात. फोकस हाताने करावा लागतो एवढंच. कुणीतरी शिवदासचं नाव सांगितलं. घाटकोपर पश्चिमेला, भाजी गल्लीच्या मागे, पहिल्या मजल्यावर पन्नास वर्षं कॅमेरे दुरुस्त करणारा म्हातारा.

घाटकोपर म्हटल्यावर दर्शनाबाई म्हणाल्या, मीही येते. नात चकित झाली. मुलुंडहून घाटकोपर ते केवढंसं, पण आजी त्या बाजूला कधी फिरकत नसे. येताना रिक्षातून दर्शनाबाईंनी एका कोपऱ्याकडे मान वळवून पाहिलं होतं. तिथे आता मोबाइलची कव्हरं टांगलेली होती. तिथे पूर्वी आरसी स्टुडिओ होता, त्यात त्यांनी नऊ वर्षं काढली, एवढं त्या प्रांजलला म्हणाल्या होत्या. त्यापुढचं काही बोलल्या नव्हत्या.

"पण पिवळी का पडली?" प्रांजल विचारत होती. "कुणी धुरात ठेवली होती का?"

शिवदासने चष्मा कपाळावर सरकवला. त्याला असला प्रश्न विचारणारं गिऱ्हाईक क्वचितच मिळत असावं, कारण त्याने हातातला स्क्रू-ड्रायव्हर बाजूला ठेवला आणि खुर्ची वळवून घेतली. त्याने सांगितलं, की त्या काळात जपानी लोक मोठ्या तोंडाच्या काही लेन्सच्या काचेत एक विशिष्ट द्रव्य घालत. त्याने चित्र लख्ख येई. पण त्या द्रव्याचा एक गुण असा, की वर्षं जातात तशी काच आतल्या आत पिवळी पडत जाते. पुसून जात नाही, कारण डाग वर नसतोच. आणि माणूस जेवढी लेन्सची काळजी घेणार, म्हणजे कातड्याच्या डब्यात घालून कपाटात कुलूपबंद ठेवणार, तेवढी ती जास्त पिवळी.

प्रांजलने फोनवर शोधलं. "थोरियम," ती वाचत म्हणाली. "काका, हे तर रेडिओअॅक्टिव्ह आहे."

"उशाखाली घेऊन झोपू नको म्हणजे झाला. माझ्या हातून अशा वीसेक गेल्या असतील. माका अजून शिंगा फुटली नाय." प्रांजल हसली. शिवदासही हसला. "आणि औषध पण सोपा. उन्हात ठेवायची. तीन-चार आठवडे. काच आपणहून साफ होते."

"नुसत्या उन्हात?"

"नुसत्या उन्हात. पण ह्या आम्हांला तेव्हा कुठे ठाऊक होता? फोर्टात एक पारशी उस्ताद होता, त्याने माका सांगून ठेवलेला. मी पयली पिवळी काच बघितली ती ह्या घाटकोपरातच. आरसी स्टुडिओवाल्या हर्षदभाईची."

दर्शनाबाईंनी मांडीवरची पिशवी घट्ट धरली.

शिवदासचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. तो प्रांजलला सांगत होता. हर्षदभाईची ती लेन्स म्हणजे त्याचा जीव की प्राण. कुणा आफ्रिकेहून आलेल्या माणसाकडून घेतलेली. संध्याकाळची लग्नं असली की कपाटातून निघायची, एरवी कुलपात. एक दिवस ती घेऊन हर्षदभाई इथे आला. म्हणाला, हिचे फोटो पिवळे येतात असा मला संशय आहे. शिवदासने कागदावर ठेवली, अशीच, ह्याच टेबलावर.

"आणि मग तो खाली बसला," शिवदास म्हणाला. "त्याच स्टुलावर, तुझी आजी बसलीय त्या. तासभर उठला नाय. मी म्हटला, हर्षदभाई, एवढा काय झाला, उन्हात ठेवा, होईल साफ. तर म्हणतो कसा, शिवदास, ह्या काचेपायी मी एका बाईला घालवली रे. अंधारखोलीत रंगीत फोटो धुवायला होती त्याच्याकडे एक. मी कधी बघितली नाय तिला. पण म्हणायचा, तिच्यासारखा डोळा मुंबईत नाय."

खाली भाजी गल्लीत कुणीतरी मेथीचा भाव ओरडून सांगत होता. दर्शनाबाईंना तो आवाज ऐकू येत होता आणि त्याचा अर्थ लागत नव्हता. पायांखालची लादी आहे की नाही हे त्यांनी चपलेने चाचपून पाहिलं. ती होती.

प्रांजलने सावकाश मान वळवली. ती काही बोलणार, तेवढ्यात दर्शनाबाईंनी तिला नजरेनेच गप्प केलं.

"पाणी आहे का हो?" त्यांनी शिवदासला विचारलं.

दर्शनाला त्या स्टुडिओत घेतलं होतं ते पाकिटांवर नावं लिहायला. एकवीस वर्षांची होती. एकदा हर्षदभाई काउंटरवर दोन फोटो ठेवून कोड्यात पडले होते, की यातला कुठला जास्त निळा. हिने पाकिटावरची मान न उचलता डावा म्हणून सांगितलं. त्यांनी आणखी दोन ठेवले. मग आणखी दोन. तिची आई सोनूबाई जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवून द्यायची. लहानपणापासून आईला रंगाला रंग लावून दोरा काढून देण्याचं काम हिच्याकडे असे. एका लाल रंगात किती लाल असतात, हे तिला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं. हर्षदभाईंनी तिला अंधारखोलीत नेलं आणि स्वतः शिकवलं. रंगीत कागदाला लाल दिवाही चालत नाही. काळ्याकुट्ट अंधारात बोटांनी कागद चाचपायचा, फोटो मोठा करून छापणाऱ्या एन्लार्जरखाली धरायचा, डब्यात घालून औषधांत फिरवायचा. एन्लार्जरमध्ये रंगीत फिल्टर घालायचे, त्यांचे आकडे कमी-जास्त केले की फोटोचा रंग सरकतो. या पोरीच्या डोळ्यात मोजपट्टी आहे, असं हर्षदभाई गिऱ्हाइकांना सांगत. तिचं लग्न झालं, रश्मी झाली, तरी नोकरी सुटली नाही. बाळंतपणात त्यांनी तीन महिने पगार घरी पाठवला होता.

एकोणचाळीस वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातलं ते लग्न. घाटकोपरातलं गुजराती कुटुंब, मुलगी लग्न करून नैरोबीला जाणार होती, जायच्या आधी अल्बम हातात हवा होता. दोन कॅमेऱ्यांनी फोटो काढले होते. एक नेहमीचा, आणि दुसरा हर्षदभाईंचा, कपाटातल्या त्या लेन्सचा. कागद महाग होता, म्हणून स्टुडिओत नियम होता की एका लग्नाला रंग ठरवण्यासाठी नमुन्याची एकच पट्टी छापून पाहायची. दर्शनाने पहिल्या, नेहमीच्या कॅमेऱ्यातल्या रोलची पट्टी काढली, आकडे ठरवले आणि त्याच आकड्यांवर सगळं लग्न छापलं.

फोटो ओले असताना निळसर दिसतात, खरा रंग वाळल्यावर कळतो. वाळवायच्या खोलीला खिडकी नव्हती. तिथली ट्यूबलाइट दोन दिवस बंद होती, तिच्या जागी साधा बल्ब लावला होता. दर्शनाने दोरीवरचे फोटो पाहिले. त्यातले काही तिला पिवळट वाटले. तिने बल्बकडे पाहिलं आणि स्वतःला सांगितलं, बल्बचा आहे.

दुसऱ्या दिवशी हर्षदभाईंनी तिला काउंटरवर बोलावलं. रस्त्याकडून भर दुपारचा उजेड येत होता. त्यांनी काचेवर दोन फोटो शेजारी शेजारी ठेवले. गुजराती नवरी लग्नात पानेतर नेसते, पांढरी शुभ्र साडी, लाल काठाची. एका फोटोत पानेतर पांढरं होतं. दुसऱ्यात तीच नवरी, तोच मांडव, तेच पानेतर, आणि त्याचा रंग हळदीच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखा. असे शंभरावर फोटो. नवरीची आई येऊन रडून गेली होती.

हर्षदभाई ओरडले नाहीत. ते तसे ओरडणारे नव्हतेच. ते म्हणाले, "फिल्म एक. कागद एक. औषध एक. मग वेगळं काय आहे, तूच मला सांग."

दर्शनाने दोन्ही फोटोंकडे पुष्कळ वेळ पाहिलं. कालचा बल्ब तिच्या डोळ्यांसमोर आला. दिसलं होतं, आणि तिने ते मानलं नव्हतं. की दिसलंच नव्हतं?

"माझे डोळे," ती म्हणाली.

हर्षदभाईंनी मान खाली घातली. नाही म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ती गेली नाही, आणि बोलवायलाही कुणी आलं नाही.

मग टायपिंग. घाटकोपरलाच एका क्लासमध्ये शिकून ती एका वकिलाकडे टायपिस्ट लागली आणि सत्तावीस वर्षं तिथेच राहिली. पांढरा कागद, काळी अक्षरं, चुकायला त्यात रंगच नव्हता. मधे एकदा साड्यांच्या दुकानात नोकरी चालून आली होती, पगार दुप्पट, ती नको म्हणाली. भीमराज म्हणाले, अगं, डोळ्यांच्या डॉक्टरकडे तरी जाऊन ये एकदा. तिथे ठिपक्याठिपक्यांचं पुस्तक दाखवून रंग तपासतात हे तिला ठाऊक होतं. ती गेली नाही. डॉक्टरने तोंडावर सांगितलं असतं, तर मग संशयालाही जागा उरली नसती. चार वर्षांपूर्वी मोतीबिंदू काढला तेव्हा डॉक्टरीण म्हणाली होती, वयाने डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं आजी, आता बघा सगळं कसं पांढरं दिसेल. दर्शनाबाई मनात म्हणाल्या होत्या, माझं तिशीतच पडलं होतं.

शिवदासने दिलेलं पाणी त्यांनी संपवलं. पेला टेबलावर ठेवला.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "हर्षदभाई लेन्स घेऊन तुमच्याकडे आले, ते कधी? काही आठवतं?"

शिवदास विचारात पडला. "गणपती झालेले. मी गावाहून परत आलेलो, त्याच आठवड्यात. म्हणजे दिवाळीच्या म्हयनाभर आधी. का हो?"

"काही नाही. असंच."

दिवाळीच्या महिनाभर आधी. दर्शनाबाईंनी डोळे मिटले.

त्या वर्षी वसुबारसेच्या दिवशी हर्षदभाई घरी आले होते. तेव्हा त्या राहत त्या पंतनगरच्या एका खोलीत, बूट बाहेर काढून, हातात मिठाईचा पुडा घेऊन. नऊ वर्षांत ते पहिल्यांदाच आले होते. परत बोलवायला आले असतील, असं दर्शनाला वाटलं होतं. त्यांनी दोन पेले पाणी प्यायलं. रश्मी तीन वर्षांची होती. त्यांनी तिला जवळ घेतलं, तिच्या फ्रॉकचा घेर हातात धरला आणि दर्शनाकडे न बघता विचारलं, "हा कुठला रंग म्हणायचा?"

तिच्या अंगाची आग झाली होती. पाच महिन्यांनी घरी येऊन माणूस परीक्षा घेतो. ती म्हणाली होती, "मला काय विचारता? तुम्हालाच माहीत."

हर्षदभाई तसेच बसून राहिले होते. दोनदा तोंड उघडलं होतं त्यांनी. एकदा म्हणाले होते, "दर्शना, ते काय आहे," आणि मग, "पोरगी मोठी झाली गं." आणि उठून गेले होते. दारात बूट घालताना किती वेळ लावला होता. तिने त्यांच्याकडे पाठ फिरवून स्टोव्हला पंप मारायला घेतला होता.

त्यांना ठाऊक होतं. तिथे बसून, तिच्या घरचं पाणी पिताना त्यांना ठाऊक होतं. एक वाक्य होतं सांगायचं, आणि ते त्यांच्याने झालं नव्हतं. आणि तिनेही स्टोव्ह पेटवला होता. आता ते वारूनही चौदा-पंधरा वर्षं झाली. बातमी कानावर आली तेव्हा ती भेटायलाही गेली नव्हती.

"फोटो तर काढून बघ," शिवदास प्रांजलला म्हणत होता.

प्रांजलने रिंग लावून लेन्स कॅमेऱ्यावर चढवली. तिचंही चित्त ठिकाणावर नव्हतं. तिने कॅमेरा उचलला आणि समोर होती ती आजीच. खिडकीतल्या उजेडात बसलेली, पांढऱ्या केसांची, निळ्या काठाची पांढरी साडी नेसलेली. फोकसची कडी दोनदा पुढे-मागे फिरवून तिने बटण दाबलं आणि स्क्रीन आजीसमोर धरला. मागची फडताळं, सुटे कॅमेरे, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळं विरघळून गेलं होतं आणि चेहऱ्यावरची एक एक रेघ स्पष्ट होती. पण केस पिवळे होते. साडी पिवळी होती. हळदीच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखी.

दर्शनाबाईंनी तो पिवळा लगेच ओळखला. एकोणचाळीस वर्षांत त्याच्यात काडीचा फरक झाला नव्हता.

"ते काही नाही, ते जातं," प्रांजल घाईने म्हणाली. तिने कॅमेऱ्यात काहीतरी केलं, अंगठ्याने एक चकती दोन-तीन वेळा फिरवली आणि पुन्हा फोटो काढला. केस पांढरे झाले. साडी पांढरी झाली.

"झालं?" दर्शनाबाईंनी विचारलं.

"झालं."

"एवढंच?"

प्रांजल लेन्स काढायला लागली. म्हणाली, "राहू दे आजी. आपण दुसरी बघू. नको ही."

"नको का? काच चांगली आहे." दर्शनाबाई उठून उभ्या राहिल्या. "आपण हीच घेऊ. भाऊ, उन्हात कशी ठेवायची, ते मला नीट समजावून सांगा."

"झाकणं काढून. खाली चंदेरी कागद, म्हणजे ऊन उलटून वर येईल. खिडकीची काच मधे नको," शिवदास म्हणाला. "आणि ठेवून विसरू नका. भिंग आहे, एखाद्या दिवशी घराला आग लावील." लेन्स डब्यात घालताना त्याने पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही इकडच्याच काय, बाई?"

"पंतनगरला होतो आम्ही. आता मुलुंडला."

त्याने आणखी एक क्षण पाहिलं. मग डबा प्रांजलच्या हातात न देता त्यांच्या हातात दिला.

जिना उतरल्यावर, मेथीच्या आणि मुळ्याच्या ढिगांमधून चालताना प्रांजलने आजीचा दंड धरला. "ती तू होतीस ना?" तिने विचारलं. "मग सांगितलं का नाहीस त्यांना?"

"त्यांना सांगून काय करू? त्यांनी काय केलंय?"

"आणि त्या हर्षदभाईने? त्याने तुझी वाट लावली यार, आजी. पूर्ण आयुष्य."

दर्शनाबाई थांबल्या. भाजीवालीने त्यांना गिऱ्हाईक समजून एक जुडी पुढे केली. त्यांनी ती हातात घेऊन उलटून पाहिली आणि परत ठेवली. "तो विचारत होता गं, वेगळं काय आहे," त्या म्हणाल्या. "मी सांगितलं, माझे डोळे. मीच सांगितलं. त्याने नाही."

मग त्यांनी रिक्षाला हात केला.

लेन्सची जागा ठरली ती स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर, तुळशीच्या कुंडीशेजारी, लोखंडी जाळीवर. स्टीलच्या ताटलीत चंदेरी कागद आणि त्यावर लेन्स. पहिल्याच दिवशी चकाकीला भुलून कावळा आला आणि कागदाचा तुकडा तोडून घेऊन गेला. तेव्हापासून दर्शनाबाई ऊन असेपर्यंत खुर्ची टाकून खिडकीशी बसू लागल्या. तासातासाने ताटली उन्हाबरोबर सरकवायच्या. समोरच्या इमारतीची सावली आली की लेन्स पुसून आत घ्यायच्या.

रश्मी कामावरून आली की आईकडे बघे. प्रांजलने तिला सगळं सांगितलं होतं. आई, बोल ना काहीतरी, असं ती दोनदा म्हणाली. दर्शनाबाई म्हणाल्या, काय बोलू, बोलायचं कुणाशी? एका रात्री जेवताना त्यांनी आपणहून एवढंच विचारलं, "तुझा तो फ्रॉक आठवतो का गं? सोनूआजीने शिवलेला, लहानपणीचा?"

"नाही. का?"

"आमसुली होता," दर्शनाबाई म्हणाल्या. "लोक चॉकलेटी म्हणायचे. चॉकलेटी नव्हता."

रश्मीने घास हातात तसाच धरला. आईने एखाद्या रंगाचं नाव विचारल्यावाचून घेतलेलं तिने आजवर ऐकलं नव्हतं.

रोज दुपारी बाराला दर्शनाबाई कोरा कागद घेत आणि लेन्स त्यावर ठेवून वरून पाहत. पहिल्या आठवड्यात मध होता. दुसऱ्यात त्याचं लिंबाचं सरबत झालं. तिसऱ्या आठवड्यात ताकाची निवळी.

चोविसाव्या दिवशी रविवार होता. प्रांजलला संध्याकाळी एका साखरपुड्याला जायचं होतं आणि लेन्स पहिल्यांदाच कामाला घेऊन जायचं तिच्या मनात होतं. तिने ताटलीतली लेन्स उचलून कागदावर ठेवली, डोळा बारीक केला. मग आईला बोलावलं. रश्मीनेही पाहिलं.

"पांढरं शुभ्र," रश्मी म्हणाली.

"झकास," प्रांजल म्हणाली. "झाली साफ. आजी, बघ."

दर्शनाबाईंनी ओले हात पदराला पुसले. वाकल्या. काचेतून दिसणारा कागद पाहिला, मग काचेबाहेरचा, मग पुन्हा काचेतला.

"नाही," त्या म्हणाल्या. "अजून आहे. किंचित."

"कुठे आहे? मला तर काही दिसत नाही. आई, तुला दिसतंय?"

"नाही गं."

"आहे," दर्शनाबाई म्हणाल्या.

प्रांजलने कॅमेरा आणला, लेन्स चढवून त्या कागदाचा फोटो काढला. मग घरातली दुसरी, नवी लेन्स लावून त्याच जागेवरून पुन्हा काढला. दोन्ही फोटो कॉम्प्युटरवर शेजारी शेजारी उघडले. डोळ्यांना काही कळेना, म्हणून तिने रंगांचे आकडे काढले आणि लाल, हिरवा, निळा असे एकेक ताडून पाहायला लागली.

दर्शनाबाई तिच्या पाठीशी उभ्या राहिल्या नाहीत. त्यांनी कॅमेऱ्यावरून उतरवलेली लेन्स घेतली, पदराच्या टोकाने नाही, धुतलेल्या मऊ फडक्याने पुसली, आणि खिडकीबाहेर हात घालून ताटलीत ठेवली. ऊन कुंडीच्या पलीकडे सरकलं होतं. त्यांनी ताटली तेवढी सरकवली.

"निळा तीनने कमी आहे, म्हणजे पिवळेपणा आहे," आतून प्रांजलचा आवाज आला, हळू, थोडा घाबरल्यासारखा. "दोनशे पंचावन्नात तीन. आजी, तुला तीन दिसले?"

"अजून दोन दिवस ठेवू," दर्शनाबाई म्हणाल्या, आणि कावळ्यावर नजर ठेवत खुर्चीत बसल्या.